कोणता सीओडी? : पाण्याच्या चाचण्यांची निवड आणि तुलना
प्रस्तावना

एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्या आणि त्यात १.६५ ग्रॅम मीठ विरघळवा. पाणी खारट झाले, पण त्यात घाणीचा कणही नाही. आता हे पाणी डायक्रोमेटच्या चाचणीला लावा आणि क्लोराईडला रोखण्यासाठीचा पारा घालायला विसरा. त्या मिठात एक ग्रॅम क्लोराईड असते आणि डायक्रोमेट त्यालाही जाळते. कागदावरच्या हिशेबाने सीओडी २२६ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत जाऊ शकतो. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे. म्हणजे नुसते मीठ घातलेले पाणी जवळजवळ कारवाईच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते.

दुसरा प्रयोग उलट आहे. एक किलो साखर गटारात गेली असे धरा. तिचे पूर्ण ज्वलन व्हायला साधारण १.१२ किलो ऑक्सिजन लागतो. एवढ्या साखरेने सुमारे साडेचार हजार लिटर स्वच्छ पाणी २५० च्या मर्यादेला पोचते. पण नाल्याच्या तोंडाशी अतिनील किरणांवर चालणारे ऑनलाइन यंत्र बसवले असेल, तर त्याला यातले जवळपास काहीच दिसणार नाही. साखर त्या किरणांना अडवतच नाही.

एकीकडे घाण नसताना आकडा येतो, दुसरीकडे घाण असताना येत नाही. दोन्ही अहवालांवर मात्र तीच तीन अक्षरे छापलेली असतात : सीओडी. सीओडी हा एकट्या पाण्याचा गुण नव्हे, पाणी आणि पद्धत यांचा तो मिळून येणारा आकडा आहे. हे पुस्तक एवढ्याच गोष्टीसाठी लिहिले आहे. पद्धत न सांगता दिलेला सीओडी म्हणजे एकक न सांगता दिलेले माप. ‘शेत पाच आहे’ म्हटल्यावर आपण लगेच विचारतो, पाच एकर की पाच गुंठे? सीओडीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायची सवय आपल्या प्रयोगशाळांना, कारखान्यांना आणि अहवाल हातात घेऊन ग्रामसभेत बोलणाऱ्या माणसालाही लागावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सीओडी म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ तीव्र ऑक्सिडीकारकाने जाळून टाकायला किती ऑक्सिजन लागेल, याचा हा अंदाज. नदीत हेच काम जिवाणू करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की मासे तडफडतात आणि पाण्याला वास सुटतो. जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन मोजण्याची चाचणी म्हणजे बीओडी. इंग्लंडमध्ये सांडपाण्यासाठी १८९८ साली नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात पाच दिवसांच्या बीओडीला मानदंडाचे रूप दिले. आपल्याकडे हवा गरम, जिवाणूंचे काम वेगाने चालते, म्हणून आपण २७ अंशांवर तीन दिवसांची बीओडी वापरतो. पण तीन दिवस म्हणजे तीन दिवस. साखर कारखान्याचे गाळप चालू असताना आज सकाळी नाल्यात काय गेले, हे तीन दिवसांनी कळून काय उपयोग? पाणी तोवर पुढच्या गावाला पोचलेले असते. सीओडीचे उत्तर त्याच दिवशी, तीनेक तासांत हाती येते. तिचा उपयोग या घाईतच आहे.

सुरुवात परमँगनेटपासून झाली. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ फोर्शहामर यांनी १८४९ मध्ये पाण्यातले सेंद्रिय द्रव्य मोजायला परमँगनेट सुचवले. पुढे लंडनच्या डॉ. टायडी यांच्या नावाने चार तासांची चाचणी रूढ झाली. जांभळा रंग किती उतरतो, यावरून पाणी किती मळले आहे ते ठरवायचे. पद्धत स्वस्त आहे आणि तीत पारा-चांदी लागत नाही. दोष एकच, पण मोठा : परमँगनेट अर्धवट जाळते. किती जाळेल हे तापमानावर, वेळेवर आणि त्याच्या तीव्रतेवर ठरते. तरीही ही शाखा मेलेली नाही. जपानमध्ये तळी आणि किनाऱ्याच्या समुद्राच्या गुणवत्तेसाठी सीओडी म्हणून जो आकडा देतात, तो परमँगनेटचाच असतो. चीनमध्ये नदीच्या पाण्याला परमँगनेट निर्देशांक आणि सांडपाण्याला डायक्रोमेट, अशा दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. परदेशी शोधनिबंधातला तळ्याचा सीओडी उचलून गोदावरीच्या आकड्याशेजारी मांडणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. त्यांची चूक नाही. पाठ्यपुस्तकाने त्यांना हे सांगितलेलेच नसते.

डायक्रोमेटची शाखा पक्की झाली ती १९४९ मध्ये, मूर, क्रोनर आणि रुखॉफ्ट यांच्या रिफ्लक्स पद्धतीने. नमुन्यात मोजून पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचे, दोन तास उकळायचे आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. सरळ साखळीची आम्ले आणि अल्कोहोले हट्टी असतात, ती जळावीत म्हणून सिल्व्हर सल्फेट उत्प्रेरक. जगभर आणि भारतीय मानकातही हाच सांगाडा आहे.

ज्याने ही चाचणी केली आहे त्याला तिचा शेवट आयुष्यभर विसरता येत नाही. थंड झालेल्या फ्लास्कमध्ये फेरॉइनचे दोन-तीन थेंब. ब्यूरेटखाली फ्लास्क फिरवत राहायचे. पिवळसर नारिंगी रंग हळूहळू हिरवा होतो, हिरव्यातून निळसर हिरवा, आणि मग एका थेंबात सगळे द्रावण तांबूस तपकिरी, काळ्या द्राक्षाच्या सालीसारखे. तो एक थेंब म्हणजे अंत्यबिंदू. क्षणभरात रंग परत निळसर होऊ लागतो, त्याकडे लक्ष द्यायचे नाही. ट्यूबलाइटखाली बसलेला आणि खिडकीशी बसलेला यांचे वाचन अर्ध्या थेंबाने वेगळे येते. म्हणून एका प्रयोगशाळेत ब्यूरेट नेहमी एकाच जागी असावी, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. उकळतानाच द्रावण हिरवे पडले तर मात्र पुढे जाऊ नये. डायक्रोमेट संपले आहे. नमुना पातळ करून पहिल्यापासून सुरुवात करावी.

या सांगाड्यातला सर्वांत नाजूक भाग क्लोराईड. १९६३ मध्ये डॉब्स आणि विल्यम्स यांनी मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराईड बांधून ठेवण्याचा उपाय दिला. क्लोराईडच्या दहापट मर्क्युरिक सल्फेट हा ढोबळ हिशेब. क्लोराईड २००० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर गेले की हा उपायही भरवशाचा राहत नाही. शिवाय क्लोराईड दोन दिशांनी फसवते. स्वतः जळून आकडा वाढवते आणि चांदीला पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसवून उत्प्रेरक निकामी करते. मग जे जळायला हवे होते ते जळत नाही. एकाच नमुन्यात वाढ आणि घट दोन्ही होतात आणि आलेला आकडा पाहून कोणाचा जोर जास्त होता ते कळत नाही.

एका साखर कारखान्याचा तरुण केमिस्ट काही वर्षांपूर्वी माझ्याकडे वह्या घेऊन आला. दर चार-पाच दिवसांनी सकाळच्या नमुन्याचा सीओडी उसळी घेत होता. पंप, गळती, पॅनची धुलाई सगळे तपासून झाले होते. त्याने नमुना सोबत आणला होता. आम्ही तो फ्लास्कमध्ये घेतला आणि चांदीचे आम्ल सोडताच दही कालवल्यासारखा पांढरा साका वर आला. मी विचारले, बॉयलरच्या पाण्याचा सॉफ्टनर कधी रिजनरेट करता? उसळीचे दिवस आणि रिजनरेशनचे दिवस वहीत ओळीने जुळले. रिजनरेशनला वापरलेले मिठाचे पाणी नाल्यात जात होते आणि तो नेहमीच्या मापाने चिमूटभर पारा घालत होता. तेव्हापासून मी म्हणतो, सीओडी करण्याआधी क्लोराईड करावे. दहा मिनिटांचे काम आहे. मराठवाड्यात तर ते टाळूच नये. खोल बोअरचे जड पाणी, त्यासाठी जागोजागी सॉफ्टनर आणि त्यांतून उतरणारे खारे पाणी, हे आपल्या रोजच्या व्यवहारात मुरलेले आहे.

तिसरी शाखा बंद नळीची. १९७५ मध्ये जिर्का आणि कार्टर यांनी अल्प प्रमाणातली, रंगमापनावर वाचायची पद्धत मांडली आणि आज बाजारात मिळणाऱ्या तयार नळ्या त्याच वंशातल्या आहेत. झाकणबंद नळीत दोन-अडीच मिलिलिटर नमुना, १५० अंशांच्या ठोकळ्यात दोन तास, मग रंगमापीत वाचन. जास्त पल्ल्याला ६०० नॅनोमीटर, कमी पल्ल्याला ४२०. रसायने एक-दशांशाहून कमी लागतात आणि बाष्पनशील पदार्थ झाकणाआड राहतात.

या पद्धतीचे महत्त्व मला पुस्तकातून कळले नाही. ते लातूरच्या २०१६ च्या उन्हाळ्याने शिकवले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. घागरीघागरीने पाणी मोजले जाणाऱ्या शहरात उघड्या रिफ्लक्सच्या कंडेन्सरमधून दोन तास नळ सोडून ठेवायचा कसा? त्या भागातल्या अनेक प्रयोगशाळांनी तेव्हा टबात कूलरची मोटर टाकली, वर बर्फाची लादी ठेवली आणि तेच पाणी फिरवले. मे महिन्यात बर्फ अर्ध्या तासात विरघळतो. कंडेन्सर गरम झाला की वाफ निसटते आणि आकडा खाली येतो. त्यातच वीज गेली तर सगळी खेप वाया. बंद नळीला थंड पाण्याचा थेंबही लागत नाही. पाणीटंचाईच्या जिल्ह्यात पद्धत निवडताना हा मुद्दा अचूकतेइतकाच वजनदार आहे.

पण बंद नळी म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध नव्हे. दोन मिलिलिटरमध्ये नमुन्याचे खरे प्रतिनिधित्व होते का, हा तिचा कच्चा दुवा. डाळ मिलच्या किंवा बगॅसच्या चोथ्याने भरलेल्या पाण्यात पिपेटचे टोक एखादा तंतू उचलते किंवा टाळते आणि त्यावर निकाल फिरतो. अशा पाण्याला आधी मिक्सरमधून एकजीव करावे, नाहीतर सरळ ५० मिलिलिटरची उघडी पद्धत वापरावी. तेलाचे आणखी वेगळे. लातूर हे सोयाबीनचे मोठे केंद्र. एक ग्रॅम तेल जाळायला जवळजवळ २.९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे साखरेच्या अडीचपट. पण तेल पाण्यात राहतेच कुठे? ते वर तरंगते, बाटलीच्या काचेला चिकटते, प्लास्टिकच्या कॅनमध्ये तर मुरतेच. रिफायनरीच्या नमुन्यात पद्धतीची चूक शोधण्याआधी बाटलीच्या आतली बाजू बोटाने पाहावी.

दोन टोकांचे पाणी एकाच पद्धतीने मोजायचा हट्टही महागात पडतो. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीचे सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, घ्या. सीओडी साधारण लाखाच्या घरात. नेहमीची डायक्रोमेट पद्धत ९०० पर्यंतच चालते, म्हणून ते दीडशे-दोनशे पट पातळ करावे लागते. एक मिलिलिटर घेताना पिपेटमध्ये एक-दशांश मिलिलिटर इकडेतिकडे झाले, तर अंतिम आकड्यात दहा हजारांचा फरक पडतो. तिथे उत्तम पद्धतीपेक्षा स्थिर हात आणि दोन टप्प्यांत केलेले विरलन जास्त कामाचे. दुसऱ्या टोकाला गोदावरी. नांदेडच्या नगिना घाटावरचा पावसाळ्यानंतरचा नमुना सीओडीने इतका हलका असू शकतो, की नेहमीच्या तीव्रतेच्या डायक्रोमेटला तो कोऱ्या नमुन्यापासून वेगळा ओळखता येत नाही. तिथे दहापट पातळ डायक्रोमेट घ्यावे, किंवा चक्क परमँगनेटकडे वळावे. नदीच्या पाण्याचा वर्षानुवर्षांचा कल पाहायचा असेल तर मी परमँगनेटच्या बाजूने आहे. स्वस्त आहे, पाऱ्याशिवाय होते आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वर्षभर नेमाने करता येते. फक्त तो आकडा २५० च्या मर्यादेशी ताडून पाहायचा नाही.

हा विषय आत्ताच का? नकाशा पाहा. मांजरा लातूर जिल्ह्यातून वाहत जाते आणि कर्नाटक-तेलंगणाचा वळसा घेऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. नांदेडच्या वर विष्णुपुरीचा बंधारा, खाली धर्माबादकडे बाभळीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. पुढे दरवाजे पडतात, पाणी थांबते आणि साधारण त्याच सुमारास आपल्या भागातला गाळप हंगाम सुरू होतो. वाहत्या पाण्यात जे खपून जाते ते साचलेल्या पाण्यात खपत नाही. त्यात डिस्टिलऱ्यांची भर पडते आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. ऊस पट्ट्यात आसवनी क्षमता वाढली की स्पेंट वॉशही वाढते, आणि त्याच्या प्रक्रियेचे यश-अपयश सीओडीवरच मोजले जाते. बायोगॅस काढून घेतल्यावर त्याची बीओडी मोठ्या प्रमाणात उतरते, सीओडी मात्र बराचसा मागे राहतो. त्यातले काळपट तपकिरी रंगद्रव्य, मेलॅनॉइडिन, जिवाणूंना पचत नाही. एकच आकडा पाहणाऱ्याला हे चित्र कधी दिसणार नाही. दोन आकडे आणि त्यांचे गुणोत्तर पाहणाऱ्याला दिसते.

दुसरे कारण यंत्रांचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सतत ऑनलाइन मापनाचे निर्देश दिले. साखर आणि डिस्टिलरी दोन्ही त्यांत आहेत. यातली पुष्कळ यंत्रे सीओडी मोजत नाहीत. ती पाण्यातून जाणारा अतिनील प्रकाश मोजतात आणि आधी बसवलेल्या सूत्राने त्याचा सीओडी करून दाखवतात. त्या पाण्याची जातकुळी बदलली नाही तोवर सूत्र चालते. रंगीत पाण्याऐवजी गोड पाणी आले की चालत नाही. मी यंत्रांच्या विरोधात नाही. रात्री दोन वाजता नाल्यावर जागा राहणारा दुसरा कोण आहे? पण त्या सूत्राला दर काही दिवसांनी डायक्रोमेटच्या निकालाशी भिडवले पाहिजे, आणि ते भिडवणारा माणूस आपल्याच तालुक्यात तयार झाला पाहिजे.

तिसरे कारण बोलायला अवघड, कारण दोष आमच्या हातात आहे. उघड्या पद्धतीच्या एका चाचणीत एक ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घालतात. त्यात सुमारे ०.६८ ग्रॅम पारा असतो. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची आपली मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे एका फ्लास्कमधला पारा पावणेसात लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. लातूरला आलेल्या पहिल्या रेल्वेच्या सगळ्या पाण्यापेक्षा जास्त. सोबत षटसंयुजी क्रोमियम आहे, तो कर्करोगकारक. पाणी स्वच्छ आहे का हे तपासून झाल्यावर तोच फ्लास्क बेसिनमध्ये ओतणे मी पाहिले आहे, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतःही ओतला आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. पाऱ्याशिवायच्या पद्धती शोधल्या जात आहेत. कमी क्लोराईडच्या पाण्यात पारा वगळूनही चाचणी होते, एकूण सेंद्रिय कार्बनचे यंत्र तर पारा आणि क्रोमियम दोन्ही टाळते. पण त्याची किंमत तालुक्याच्या प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेर आहे आणि कायद्याची मर्यादा आजही सीओडीतच लिहिलेली आहे. तोवर बंद नळी वापरावी, टाकाऊ द्रावण वेगळ्या कॅनमध्ये साठवावे आणि अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवावे. यात तडजोड नाही.

या पुस्तकात ‘सर्वोत्तम पद्धत’ सापडणार नाही. पाणी कुठून आले, त्यात मीठ किती, चोथा किती, तेल आहे का, उत्तर कोणाला आणि कशासाठी हवे, प्रयोगशाळेत वीज आणि पाणी कसे आहे, या प्रश्नांपासून सुरुवात करून पद्धतीपर्यंत कसे यायचे, ती वाट दाखवण्याचा हा प्रयत्न आहे. दोन पद्धतींची तुलना करायची तर एकाच बाटलीतला, एकजीव केलेला नमुना दोन्हींना लावावा, जोड नमुने घ्यावेत, कोरा नमुना आणि माहितीतला मानक सोबत ठेवावा आणि ती तुलना एका दिवसावर न उरकता हंगामभर चालवावी, एवढा एक आग्रह पानोपानी आढळेल. उदाहरणे मुद्दाम नांदेड-लातूरच्या पाण्यांची घेतली आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांत पर्यावरणशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकणारी मुले पुढे याच कारखान्यांत, याच नगरपालिकांत नोकरीला लागतात. त्यांना पहिल्या दिवशी जे पाणी भेटणार आहे तेच पुस्तकात भेटावे. जड धातू, कीटकनाशके, जिवाणूंच्या चाचण्या हे विषय बाहेर ठेवले आहेत. भाषा प्रयोगशाळेत बोलतात तीच ठेवली आहे. ब्यूरेटला आपण ब्यूरेटच म्हणतो.

वाचकांना एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ११० अंशांवर वाळवा, त्यातले ४२५ मिलिग्रॅम तोलून एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि तुमच्याकडे असलेल्या पद्धतीने त्याचा सीओडी करा. तो ५०० यायला हवा. तुमच्या हातून, तुमच्या काचेतून किती येतो ते पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहा. खाली तारीख घाला, आणि आकड्याशेजारी पद्धतीचे नाव.